केमिस्ट्रीची सूट

ॲडव्हायझर बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला आणि हसून म्हणाल्या, "अभिनंदन. तुझी केमिस्ट्री संपली."

पप्पांनी टाळी वाजवली. एकच, पण त्या लहानशा खोलीत ती केवढी तरी मोठी वाटली.

"म्हणजे पहिल्या वर्षाची केमिस्ट्री पूर्ण माफ?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण. मेकॅनिकलच्या मुलांना पुढे केमिस्ट्री लागत नाही. त्या जागी ती दुसऱ्या वर्षाचा एखादा विषय आत्ताच घेऊ शकते."

माझ्या पलीकडच्या खुर्चीत आई बसली होती. मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. माझ्याकडे न बघता ती मराठीत म्हणाली, "नको घेऊ सूट."

"आई काय म्हणाल्या?" बाईंनी मला विचारलं.

"तिला आनंद झालाय," मी इंग्रजीत सांगितलं.

आईला इंग्रजी चांगलं येत होतं. तरी तिने मला खोडलं नाही.

मी तेव्हा अठराची व्हायची होते. ओहायो राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठात मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि नव्या मुलांनी विषय निवडायचा तो दिवस होता. शाळेत असतानाच मी केमिस्ट्रीची ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटची परीक्षा दिली होती. तिकडे तिला नुसतं एपी म्हणतात. शाळेत राहून कॉलेजच्या पातळीचा विषय शिकायचा, मे महिन्यात परीक्षा द्यायची, आणि गुण चांगले पडले तर कॉलेजात तो विषय पुन्हा घ्यावा लागत नाही. मला पाचपैकी पाच पडले होते.

"सूट नको असेल तर तेही चालतं," बाई उठता उठता म्हणाल्या. "काही मुलं पाया पक्का व्हावा म्हणून विषय परत घेतात. वर्ग सुरू व्हायच्या आधी मला कळव. एकदा सुरू झाले की मग बदल नाही."

गाडीत बसल्यावर पप्पांनी आरशातून मागे बघितलं. आई मागच्या सीटवर होती.

"नको काय म्हणालीस? एक विषय आपसूक कमी होतोय की."

"कॉलेजची केमिस्ट्री वेगळी असते," आई म्हणाली. "प्रॅक्टिकलं होतात. हात बसतो."

"तिला कुठं केमिस्ट व्हायचंय?"

"वर्षभराचा तर प्रश्न आहे. अडलं तर मी आहे. रोज फोनवर सांगेन."

"आई, मला पाच मिळालेत," मी म्हणाले. "त्याच्या वर गुणच नसतात."

त्यावर ती खिडकीबाहेर बघू लागली. टोलेडोतलं आमचं घर येईपर्यंत दोन्ही बाजूंना नुसता मका होता.

आई इचलकरंजीत अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायची. मगदूम मॅडम म्हटलं की गावातला रिक्षावालाही घर दाखवायचा, कारण त्याची मुलगी तरी तिच्या हाताखालून गेलेली असायची किंवा भाची तरी. पप्पांच्या कंपनीने त्यांना टोलेडोला पाठवलं तेव्हा मी सहावीत होते. दोन वर्षांसाठी म्हणून आलो आणि राहिलो. आईच्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. पहिल्या हिवाळ्यात तिला झोप लागायची नाही. पप्पा म्हणायचे, थंडीमुळे. ती म्हणायची, "आवाजच नाही गं कसला." जन्मभर यंत्रमागांच्या खटखटीत झोपलेली बाई ती. बर्फ पडलेल्या गल्लीत काही म्हणजे काही वाजायचं नाही.

मग मी नववीत गेले, शाळेत रसायनशास्त्र सुरू झालं, आणि आई जागी झाल्यासारखी झाली. जेवणाच्या टेबलापाशी तिने पांढरा फळा टांगला. दुपारी मी शाळेतून यायच्या आत ती साडी बदलायची, केस बांधायची. एका मुलीला शिकवायला ती उभी राहायची. आणि सवयच अशी होती की बोलताना अनेकवचनच यायचं.

"बघा, डझन म्हटलं की बारा. तसं मोल म्हटलं की एक ठरलेला आकडा. इतकंच आहे. उगीच घाबरू नका. समजलं का सगळ्यांना?"

मी एकटी समोर बसून हसायचे. तीही हसायची, पण पुढच्या वाक्याला परत "लिहून घ्या" यायचंच.

एपीचा अभ्यास आम्ही दोन वर्षं केला. शाळेतल्या बाईंनी आठवड्यात उरकलेला धडा आई पंधरा दिवस पुरवायची. स्वयंपाकघरातल्या हळदीने, लिंबाने, खायच्या सोड्याने ती प्रयोग करून दाखवायची. एकदा तिने फडक्यावर हळदीचे डाग पाडून साबण लावला आणि डाग लालभडक झाल्यावर पप्पांना हाक मारली. "अहो, बघा की." पप्पा लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होते. त्यांनी हात वर करून थांब म्हटलं, आणि ती फडकं तसंच धरून दारात उभी राहिली. मीटिंग बरीच लांबली. मग तिने ते धुऊन टाकलं.

त्या दोघांचं भांडण मी कधी ऐकलं नाही. बोलणंही फारसं ऐकलं नाही. पप्पांचं काम असायचं, आईचा फळा असायचा, आणि मध्ये मी.

सुटीचे ते दिवस मी मजेत घालवत होते. पप्पांनी दुसऱ्या वर्षाचा विषयही निवडून ठेवला होता. पण आई मधूनच, भाकरी थापताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना, तोच विषय काढायची.

"कळवलंस का गं त्या बाईंना?"

"काय कळवायचं?"

"सूट नको म्हणून."

शेवटी एका संध्याकाळी मी वैतागले. कॉलेजला जायला थोडेच दिवस राहिले होते. मी बॅग भरत होते आणि ती दारात येऊन उभी होती.

"आई, तुझा माझ्यावर भरवसा नाही का? तूच शिकवलंस ना मला?"

"तुझ्यावर आहे की."

"मग विचार. कुठलंही विचार. एक जरी चुकलं तरी मी सूट घेणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मग पलंगाच्या कडेला बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती मला बसून शिकवत होती, म्हणजे विचारत होती.

"बफर म्हणजे काय?"

मी सांगितलं.

"त्यात थोडं आम्ल घातलं तर पीएच का बदलत नाही?"

तेही सांगितलं. मग तिने समतोलाचं विचारलं, विद्राव्यता विचारली, विद्युतघट विचारला, तोंडी सोडवायला अवघड गणितं घातली. मी बॅगेत कपडे ठेवत ठेवत उत्तरं देत होते. मला गंमत वाटायला लागली होती. ती प्रश्न जितका वाकडा विचारी तितकं माझं उत्तर सरळ येई. शेवटी शेवटी तिला प्रश्नच सुचेनात. एक प्रश्न तिने दोनदा विचारला. मी म्हणाले, "आई, हे झालं मघाशी."

"झालं का?" ती म्हणाली.

बराच वेळ ती गादीच्या चादरीवरून हात फिरवत राहिली.

"येतंय की तुला सगळं," ती म्हणाली.

मला ते कौतुक वाटलं. मी जाऊन तिच्या गळ्यात हात टाकले. तिने माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "घे मग सूट. घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ती फोनवर होती. इचलकरंजीचे हुल्ले सर, तिच्या जुन्या कॉलेजचे प्राचार्य, त्यांच्याशी बोलत होती. त्यांचे फोन अधूनमधून यायचेच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. स्वयंपाकघरातून तिचं एवढंच ऐकू आलं, "हो सर. आता मोकळी आहे."

पप्पा-आई मला वसतिगृहात सोडून गेले. वर्ग सुरू झाले. दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर मी मटेरियल्सच्या तासाला बसत होते आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. आईचा फोन रोज यायचा.

"आज काय शिकवलं?"

"धातूंची रचना. आणि बलांचं एक प्रकरण आहे, ते."

"कसली बलं?"

मी दोन वाक्यं सांगायचे. ती "हं, हं" म्हणायची. एकदा म्हणाली, "जरा सावकाश सांग की, मी लिहून घेते." मला हसू आलं. मी म्हणाले, "आई, राहू दे, तुला नाही कळणार ते. आणि मला लायब्ररीत जायचंय."

"बरं," ती म्हणाली. "जा."

महिनाभराने पप्पांचा फोन आला. ते एरवी फोन करत नसत. म्हणाले, "आई जाणार आहे इचलकरंजीला. शनिवारी विमान आहे. तू येशील का?"

"का? कोणाला बरं नाही का तिकडं?"

"सगळे बरे आहेत. तिला कॉलेजवर बोलावलंय."

"किती दिवसांसाठी?"

"ये तू," पप्पा म्हणाले.

शनिवारी आम्ही तिघं डेट्रॉइटच्या विमानतळावर गेलो. आईच्या दोन बॅगा होत्या. तिने फिकट निळी साडी नेसली होती. त्या देशात सहा-सात वर्षं राहून तिचं सामान दोन बॅगांएवढंच झालं होतं. पप्पांनी बॅगा वजनाला ठेवल्या, पट्टे आवळले, कुलपं दोनदा ओढून बघितली. मी रुसले होते. सुटीत परत येतेस ना, असं मी तिला दोनदा विचारलं आणि तिने दोन्ही वेळा "बघू" म्हटलं होतं.

तपासणीच्या रांगेपाशी पप्पा म्हणाले, "मुंबईत उतरलीस की फोन कर. आप्पा गाडी घेऊन येईल."

"हो."

"गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत ना?"

"तुमच्या तुमच्याकडे, माझ्या माझ्याकडे."

ती उभी होती. रांग पुढे सरकत होती, मागची माणसं तिला वळसा घालून जात होती, तरी ती उभी होती. पप्पांकडे बघत होती. पप्पा तिच्या बॅगेचा पट्टा सरळ करत होते. मी दुसरीकडे बघत होते, कारण मला रडायचं नव्हतं.

"निघते," ती म्हणाली.

"सावकाश जा," पप्पा म्हणाले.

परत येताना हायवेवर एकाएकी पप्पांनी गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मला वाटलं, इंजिनाला काही झालं.

"तू नववीत होतीस तेव्हाच ती निघाली होती," ते म्हणाले. "बॅग भरून तयार होती. म्हणाली, इथं मी भिंतीशी बोलते. मी म्हटलं, रूपाचं काय? तर गप्प झाली. दोन दिवसांनी म्हणाली, ठीक आहे. रूपाची केमिस्ट्री संपेपर्यंत राहते. कॉलेजचं पहिलं वर्ष झालं की मी जाणार. मग तुम्ही अडवायचं नाही. शब्द द्या."

"मग?"

"दिला. मला वाटलं, पाच वर्षं आहेत. तोवर रुळेल. विसरेल."

शेजारून ट्रक गेले की गाडी हलायची.

"आणि त्या बाई म्हणाल्या, केमिस्ट्री संपली," पप्पा म्हणाले. "मी टाळी वाजवली. माझ्या डोक्यातच आलं नाही गं. गाडीत ती नको नको म्हणत होती तरी नाही आलं. मागच्या आठवड्यात तिने तिकीट दाखवलं तेव्हा आलं."

"मग थांबवायचं ना पप्पा. आत्ता थांबवायचं."

"शब्द दिला होता," ते म्हणाले. "तिने इतकी वर्षं तिचा पाळला. मी कुठल्या तोंडाने थांब म्हणू?"

नंतर त्यांनी आरसा नीट केला, मागे बघितलं आणि गाडी परत रस्त्यावर घेतली.

आई परत आली नाही. भांडण झालं नाही, कोर्टकचेरी झाली नाही. दोघं दर रविवारी फोनवर बोलायचे, हवापाण्याचं आणि माझं. फळा पप्पांनी काढला नाही. मी सुटीला घरी गेले की त्यावर त्यांची वाणसामानाची चार नावं लिहिलेली असायची. पदवी मिळाली त्या दिवशी आईची बारावीची जादा प्रॅक्टिकलं होती. तिने व्हिडिओवर सगळा समारंभ बघितला, तिकडच्या रात्री.

त्यानंतर मी इचलकरंजीला गेले. तीन वर्षांपूर्वी तिकडेच नात्यातल्या दोन लग्नांच्या गडबडीत आम्ही भेटलो होतो, पण अशी निवांत भेट हीच पहिली. आई दोन खोल्यांत राहत होती. शेजारी माग चालू होते, त्यांच्या आवाजात ती मोठ्याने बोलायची आणि तिला ते जाणवतही नसे. ती जाड झाली होती, केस पिकले होते, आणि चांगली दिसत होती. दुपारी आम्ही जमिनीवर बसून शेंगा फोडत होतो.

"आई," मी म्हणाले, "मी तेव्हा सूट घेतली नसती तर तू थांबली असतीस?"

तिने हातातली शेंग फोडली, दाणे ताटात टाकले.

"पप्पांनी सांगितलं वाटतं."

"त्याच दिवशी. गाडीत."

"एक वर्ष थांबले असते," ती म्हणाली.

"आणि मग गेलीच असतीस."

"काय माहीत." ती टरफलं गोळा करायला लागली. "मला वाटायचं, वर्षभर आहे अजून. तेवढ्यात तुमच्या दोघांपैकी कोणीतरी म्हणेल."

"काय म्हणेल?"

"थांब म्हणेल. दुसरं काय."

शेजारचा माग मध्येच बंद पडला. कोणीतरी दोरा जोडत असणार. त्या शांततेत आई हळू आवाजात बोलली.

"अडवायचं नाही असं मीच म्हटलेलं. खरं आहे. पण म्हटलं म्हणून काय झालं? माणूस म्हणतोच की कायतरी. मी विमानतळावर सुद्धा उभी राहिले होते गं. ते पट्टा नीट करत बसले."

मी ताटातले दाणे उगीच निवडत बसले. मग मी विचारलं, "आता बोलावलं तर येशील?"

"आता?" ती म्हणाली. तिने खोलीभर नजर फिरवली, खुंटीवरच्या साड्या, टेबलावरचा तपासायच्या पेपरांचा गठ्ठा. "आता नाही गं. आता माझं इथं बसलंय सगळं. तेव्हा नुसतं थांब म्हटलं असतं तर राहिले असते. शिकवायला काही नसतं तरी राहिले असते."

माग परत सुरू झाला.

"पप्पांना सांगू का हे?"

"नको," ती म्हणाली. आवाज पुन्हा मोठा झाला होता. "त्यांनी शब्द पाळला. आता हे सांगून त्यांना काय मिळणार? गोळ्या घेतात का वेळेवर?"

"घेतात."

"बघ तेवढं."

मी परत आले तेव्हा डेट्रॉइटला पप्पा न्यायला आले होते. माझी बॅग त्यांनी हातातून घेतली. गाडी हायवेला लागेपर्यंत त्यांनी विमानाचं विचारलं, जेवणाचं विचारलं, आप्पाकाकाच्या गुडघ्याचं विचारलं. मग म्हणाले, "काय म्हणाली?"

"बरी आहे. कॉलेज जोरात चाललंय. पोरं घरी पण येतात विचारायला."

"तब्येत?"

"चांगली आहे. जाड झालीय."

"आणखी?"

"तुम्ही गोळ्या वेळेवर घेता का विचारत होती."

त्यांनी मान हलवली.

"खूश आहे ना ती तिकडं?"

"आहे."

"मग झालं तर," पप्पा म्हणाले. "मी कधीकधी विचार करत बसतो. पण तिला जायचंच होतं. अडवलं असतं तर कुढत राहिली असती इथं. अडवलं नाही ते बरंच झालं."

ते माझ्याकडे बघत नव्हते, पण वाट बघत होते.

"हो पप्पा," मी म्हणाले. "बरंच झालं."